गावाचा बाळंतविडा

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या नाशिक जिल्ह्यात सकाळी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आज निफाडला किती?" कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा पेपरात छापून येतो. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षवाल्याची झोप उडते. पहाटे उठून बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, ठिबकनं पाणी सोडायचं, बॅटरी घेऊन ओळीओळीनं फिरायचं. पिंक बेरी होऊ नये म्हणून एकेका घडाला हातानं कागद लावणारी माणसं आपण. एकरी हजारो घड असतात, पण एकही उघडा राहता कामा नये.

मी कृषी खात्याचा माणूस. पदविका घेऊन नोकरीला लागलो त्याला आता बारा-तेरा वर्षे होत आली. घडाला कागद कधी लावायचा हे मला कोणीही झोपेतून उठवून विचारावे. पण आजचा लेख द्राक्षावर नाही, लोकरीच्या टोपड्यावर आहे. सुरुवातीलाच सांगितलेले बरे, नाहीतर अर्धा लेख वाचून कोणी तरी विचारील, "साहेब, औषधाचं प्रमाण कुठंय?"

शेडमधला जन्म

२०२१ च्या डिसेंबरातली गोष्ट आहे. एका बागायतदाराकडे डाऊनीचा प्रादुर्भाव बघायला सकाळी लवकर गेलो होतो. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत सुरगाणा, पेठ या भागातली कुटुंबे आपल्याकडे बागेच्या कामाला असतात, हे दिंडोरी-निफाडकडच्या वाचकांना सांगायला नको. त्यांचा मुक्काम बागेच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्यातलीच एक बाई आठव्या महिन्यातली. पहाटे अवचित कळा आल्या आणि दवाखान्यात न्यायच्या आतच मूल झालं.

मी पोचलो तेव्हा बागायतदाराची आई शेडच्या दारात उभी होती. बाळ जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं. तो धडपा ओला होता, त्यानंच बाळाला पुसलं होतं. आजी मला म्हणाल्या, "भाऊ, गाडी काढा. रडत नाहीय नीट."

पिकअपमधून आम्ही सगळे आरोग्य केंद्रात गेलो. सिस्टरांनी पहिल्यांदा बाळाच्या तळपायाला हाताची पालथी बाजू लावली, मग पोटाला लावली. दोन्ही गार. वजन भरलं एक किलो सातशे ग्रॅम. त्यांनी ओला धडपा फेकला, बाळ कोरडं केलं आणि आईच्या उघड्या छातीवर सरळ पालथं ठेवून वरून ब्लँकेट घातलं. मग मागे वळून विचारलं, "टोपडं कुठंय?"

टोपडं कुणाकडेच नव्हतं. सिस्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. बागायतदाराचा आठ वर्षांचा मुलगा हट्टानं गाडीत बसून आला होता, त्याच्या अंगात नवा स्वेटर. "काढ रे बाळा," म्हणून त्यांनी तो घेतला, कात्रीनं एक बाही खांद्यापाशी कापली, एका टोकाला दोऱ्यानं गाठ मारली आणि बाळाच्या डोक्यावर चढवली. बागायतदाराने तोंडातून शब्द काढला नाही. १०८ ची गाडी येईपर्यंत आणि पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ आईच्या छातीवरच होतं, डोक्यावर ती स्वेटरची बाही.

ते पोरगं वाचलं. आता दर हंगामाला आईबापाबरोबर येतं आणि बागेच्या ओळींतून पळतं. त्याला त्या सकाळचं काही माहीत नाही. मला मात्र परत येताना एकच गोष्ट खात होती. ज्या बागेत घडन् घड कागदात होता, तिथे जन्मलेल्या जिवाच्या डोक्याला झाकायला वीतभर कापड नव्हतं.

टोपडंच का?

सिस्टरांना नंतर मी हेच विचारलं. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं असतं. अंगाच्या एकूण कातडीचा पाचवा हिस्सा डोक्यावरच येतो. ते उघडं राहिलं तर उघड्या चुलवणावरून वाफ जावी तशी ऊब निघून जाते. शिवाय बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. कुडकुडून अंग तापवायची सोय आपल्याला असते, त्याला नसते. अंगातली थोडीशी चरबी जाळून ते कसंबसं ऊब धरतं. कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी झालेल्या बाळाकडे तेवढी चरबीही नसते.

दूधवाल्यांना हे लगेच पटेल. कडाक्याच्या थंडीत वासरू उघड्यावर बांधलं तर कितीही दूध पाजा, अंगाला लागत नाही. पाजलेलं सगळं अंग गरम ठेवण्यात जातं. बाळाचंही तसंच. आधी ते गार पडतं, मग मलूल होतं, मग ओढायचं थांबतं, आणि दूध पोटात न गेल्याने आणखी गार पडतं.

बाळाच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं लागतं. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं. घरी थर्मामीटर नसला तरी सिस्टरांची युक्ती कुणालाही जमेल. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच ऊब द्या. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर वेळ घालवू नका, बाळाला आईच्या छातीला लावूनच दवाखाना गाठा.

बाळाला आईच्या कातडीला कातडी लावून ठेवायच्या या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. दवाखान्यात बाळं जास्त आणि काचेच्या पेट्या कमी, अशी अडचण होती. पेटीच्या जागी आई आली. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळासाठी हीच पद्धत सांगते. त्यात बाळाच्या अंगावर फार काही नसतंच. लंगोट, पायमोजे आणि टोपडं, बस्स. बाकीचं काम आई करते. म्हणजे विणणाऱ्या हातांनी द्यायची वस्तू ही इतकी लहान आहे.

आपल्या महाराष्ट्रातच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची निगा राखण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत तो झाला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नवजात बाळांचे मृत्यू तिथे निम्म्याहून कितीतरी खाली आले. त्यात जंतुसंसर्गावर औषध होतं, वजन होतं, स्तनपान होतं आणि ऊबही होती. एकट्या टोपीनं बाळ वाचतं असं कुणी समजू नये. पण पुढे २०११ पासून आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात, त्याची वाट या प्रयोगातूनच निघाली आहे.

आजींचा मफलर

त्या शेडमध्ये टोपडं का नव्हतं? गरिबी हे एक कारण. दुसरं कारण आपल्या सगळ्यांच्याच घरात आहे. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवायचं-विणायचं नाही, दृष्ट लागते, असं आपल्याकडे मानतात. बाळंतविडा येतो तो नंतर. झबली, टोपडी, दुपटी, कुंची, सगळं बारशाला. आणि बाळाला ऊब हवी असते ती पहिल्या तासाला! रूढीवर मी इथे भाषण देणार नाही, ते माझं कामही नाही. पण बागायतदाराच्या आईने यातून वाट काढली ती सांगतो.

आजी म्हणाल्या, "आपल्या बाळासाठी विणायचं नसतं ना? दुसऱ्याच्या बाळासाठी विणायला कुणी नको म्हटलंय?"

आजी पंचाहत्तरीच्या घरातल्या. माहेर नाशिक शहरातलं. १९६२ मध्ये चीननं आक्रमण केलं तेव्हा त्या पाचवीत होत्या. हिमालयात आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत लढत होते, पुरेसे गरम कपडे नव्हते, ही गोष्ट घराघरांत पोचली होती. देशभर बायकांनी सोनं दिलं आणि सुया हातात घेतल्या. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये आपल्या नाशिकनेच त्यांना लोकसभेवर बिनविरोध निवडून दिलं, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आजींच्या शाळेत बाईंनी मुलींकडून खाकी लोकरीचे मफलर विणून घेतले. "माझा मफलर एका बाजूनं वाकडा झाला होता," आजी सांगतात. "मला वाटलं बाई उसवायला लावणार. बाई म्हणाल्या, गळ्याला काय कळतंय वाकडा का सरळ, ऊब लागली म्हणजे झालं."

२०२२ च्या श्रावणात आजींनी बचत गटातल्या सहा-सात बायका ओसरीवर बसवल्या. दोघींना क्रोशाचं थोडं येत होतं, बाकीच्यांच्या हाताला सुया नव्या. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणं, टाके बंद करणं, सगळं आजींनी शिकवलं. लोकर मी नाशिकहून आणून दिली. दिवाळीपर्यंत चाळीस टोप्या झाल्या आणि मी त्या पिशवीत भरून मोठ्या ऐटीत आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. खोटं कशाला बोलू, फोटो काढायला मोबाईलही तयार ठेवला होता.

चाळीसपैकी आठ

सिस्टरांनी टोप्या टेबलावर ओतल्या आणि निवडायला बसल्या. कांद्याची प्रतवारी करावी तशी. अर्ध्या तासानं आठ टोप्या एका बाजूला आणि बत्तीस दुसऱ्या बाजूला.

"भाऊ, रागावू नका," त्या म्हणाल्या. "टोप्या सुंदर आहेत. पण सहा महिन्यांच्या बाळाच्या आहेत. माझ्या बाळांच्या नाकावर येतील."

मग एकेक हातात घेऊन दाखवलं. हिला गोंडा आहे, बाळ आईच्या छातीवर पडलं की गोंडा टोचतो, शिवाय सुटून तोंडात जातो. हिला हनुवटीखाली बंद आहे, तो गळ्याला आवळतो. ही जाळीची, दिसायला छान, पण जाळीत बाळाची बोटं अडकतात. मोज्यात जाळी असली तर आणखी वाईट. आतला सुटा धागा पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट काळंनिळं पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. ही केसाळ लोकरीची, तिचे तंतू नाकात जातात. शेवटची टोपी त्यांनी नाकाशी नेली आणि लांब धरली. तिला डांबरगोळीचा वास होता. कुणीतरी ट्रंकेत जपून ठेवली होती. डांबरगोळीत ठेवलेले कपडे नवजात बाळाला घालूच नयेत. काही बाळांच्या रक्तातल्या पेशी त्यामुळे फुटतात आणि कावीळ भलतीच वाढते. मलाही हे त्या दिवशीच कळलं. लोकरीला कसर लागू नये म्हणून कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवा, पण गोळ्या नकोत.

मी जरा खट्टू झालो. पण परतताना स्कूटरवर आठवलं की हे आपण आधीही केलंय. ज्या गावाला कांद्याचं बियाणं हवं होतं, तिथे माझ्याच हातानं सोयाबीनची मिनिकिटं वाटली होती. शेतकऱ्यांनी हार घातला आणि मिनिकिटं माळ्यावर टाकली. देणाऱ्यानं घेणाऱ्याला विचारलंच नाही की असं होतं. टोप्यांच्या बाबतीत बायकांची काही चूक नव्हती. विचारून सांगायचं काम माझं होतं.

दुसऱ्या खेपेला विचारलं. सिस्टरांचं उत्तर असं: मोठ्या टोप्या लोक आणून देतात, लहान कुणी आणत नाही, त्या जास्त हव्यात. जाळी नसलेले मोजे हवेत. आणि जुन्या सुती साड्यांची, धुऊन मऊ झालेली दुपटी हवीत, बाळ छातीला बांधून ठेवायला. नवं कापड नको, नव्याला खळ असते. शेवटची मागणी तर फुकटात होणारी आहे आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

माप नारळाचं आणि डाळिंबाचं

विणणाऱ्या भगिनींसाठी आता थोडं सविस्तर लिहितो. आजींनी सांगितलं तसं मी वहीत उतरवून घेतलं आहे.

बारीक, चार पदरी लोकर आणि दहा नंबरच्या सुया. पुऱ्या दिवसाच्या बाळाला ८४ टाके, कमी वजनाच्या बाळाला ७०. सुरुवातीला एक सुलट एक उलट अशी पट्टी चार-पाच सेंटिमीटर विणायची, ती दुमडता येते आणि डोक्यावर घट्ट बसते. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असं पट्टी धरून १४ सेंटिमीटर होईपर्यंत, लहान टोपीला १२. मग टाके कमी करायचे. पाच सुलट विणून दोन टाके एकत्र, पुन्हा पाच सुलट आणि दोन एकत्र, असं ओळ संपेपर्यंत. पुढची ओळ नुसती उलट. त्यानंतर चार सुलट आणि दोन एकत्र, पुन्हा उलट ओळ, मग तीन, मग दोन, मग एक, आणि शेवटी सगळेच टाके दोन-दोन एकत्र. मोठ्या टोपीचे १२ टाके उरतात, लहानीचे १०. धागा हातभर ठेवून तोडायचा, सुईत ओवून उरलेल्या टाक्यांतून काढून ओढायचा आणि त्याच धाग्यानं मागची शिवण घालायची. शिवण चपटी हवी, बाळ त्यावर डोकं टेकतं. धाग्यांची टोकं आतून तीन-चार टाक्यांत अडकवून मगच कापायची.

सगळ्यांचा हात सारखा नसतो. कुणी आवळून विणतं, कुणी सैल. सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा मला सापडलेलं माप सोपं आहे. मोठी टोपी शेंडी काढलेल्या, सोललेल्या नारळावर नीट बसली पाहिजे. लहान टोपी निर्यातीच्या प्रतीच्या मोठ्या डाळिंबावर. डाळिंब तसंच हातात धरून मी गटापुढे म्हणालो, "एवढं डोकं असतं." ओसरी गप्प झाली. एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यातलं होतं, हे मला नंतर कळलं.

५० ग्रॅमच्या गुंड्यात दोन-तीन टोप्या बसतात. हात बसला की एक टोपी दोन संध्याकाळी होते.

कुठली लोकर?

इथे माझा स्वतःचा एक हट्ट होता. बाजारात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक लुधियानाकडून येणारी ॲक्रिलिकची असते, मेंढीशी तिचा संबंध नाही. इकडे सिन्नरकडच्या आमच्या मेंढपाळाला खऱ्या लोकरीचा भाव इतका कमी मिळतो की कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरायची, वर्षाकाठी लोकर मिळणार अर्धा किलोच्या आसपास, तीही काळी आणि राठ. म्हटलं, हीच का वापरू नये? एका म्हाताऱ्या धनगरबाबांकडून चातीवर कातलेलं सूत आणून आजींना दिलं. आजींनी मुकाट्यानं टोपी विणली आणि म्हणाल्या, "आता ही उशीवर घाला आणि रात्रभर गाल टेकून झोपा." पहाटेपर्यंत माझा गाल लाल झाला होता.

दख्खनी लोकर घोंगडीसाठीच आहे. पेठ-सुरगाण्याच्या कुटुंबांना शेडमध्ये फरशीवर झोपावं लागतं, तिथे खाली एक घोंगडी अंथरली तर बाळ-बाळंतिणीला गारठा लागत नाही. त्या धनगरबाबांच्या ओळखीनं आम्ही तीन घोंगड्या विणकराकडून घेतल्या. हट्ट वाया गेला असं म्हणता येणार नाही.

ॲक्रिलिकबद्दल मात्र एक धोक्याची सूचना. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, बाळाला धुरी देतात. ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. टोपी देताना हे तोंडानं सांगितलंच पाहिजे. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर एरवीही नकोच, त्या धुराचा बाळ-बाळंतीण दोघांनाही धोका असतो. आमच्या गटानं आता लहान टोप्यांना आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावायला सुरुवात केली आहे. टोचत नाही आणि घामही टिपला जातो.

आणखी एक गोष्ट, जी लिहायला कृषी खात्याचाच माणूस लागतो. ज्या शेडमध्ये मजूर राहतात, त्याच शेडच्या कोपऱ्यात औषधांचे डबे आणि छाटणीनंतर लावायच्या हायड्रोजन सायनामाइडचे कॅन असतात. बागायतदार बंधूंनो, हे आधी हलवा. फवारणीचं कापड, औषधाची रिकामी पोती यांत बाळ गुंडाळल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बायका विणायला बसतात तेव्हाही लोकर फवारणीच्या सामानाजवळ ठेवू नये. टोपी झाली की साध्या साबणानं धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधूनच द्यावी.

द्यायचं कसं

पहिल्या वर्षी एका कार्यक्रमात स्टेजवर बोलावून मजुरांच्या बायकांना टोप्या वाटायच्या असं ठरत होतं. हार, माईक, फोटो. आजींनी मोडता घातला. "बाळंतविडा कुणी माईकवरून देतं का?" त्या म्हणाल्या. तेव्हापासून पिशव्या आरोग्य केंद्राच्या कपाटात असतात. एका पिशवीत एक टोपी, मोजे, दोन दुपटी. बाळ झालं की सिस्टर ती बाळंतिणीच्या हातात देतात आणि एवढंच सांगतात, "गावाकडून बाळंतविडा आलाय." बागायतदाराची सून असो की पेठची मजूर, पिशवी तीच. नाव-गाव विचारत नाहीत, सहीही नाही. एकदोघांनी हिशेबाचा मुद्दा काढला. सिस्टरांच्या वहीत किती आल्या, किती गेल्या याची नोंद असते, ती पुरेशी आहे.

पिशवीबरोबर आशाताई चार गोष्टी सांगतात. पहिले २४ तास बाळाला अंघोळ घालू नका. कमी वजनाच्या बाळाला तर वजन वाढेपर्यंत पुसूनच घ्या. टोपी ओली झाली की बदला, ओली टोपी उघड्या डोक्यापेक्षा वाईट. तोंड कधी झाकू नका. आणि फेब्रुवारी-मार्चात ऊन तापलं, बाळाला घाम येऊ लागला, की टोपी काढा. आपल्याकडे एप्रिलमध्येही बाळाला मोजे-टोपीत कोंबून ठेवणाऱ्या आज्या आहेत, त्यांनी हा लेख वाचला तर बरं.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. मार्च आला की तो कुठे दाखवायचा याची धावपळ होते आणि शेवटी खुर्च्या घेतल्या जातात. त्यातून लोकर, सुया आणि सुती कापड घेता येईल का, हे पंचायत समितीत विचारून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यावा. आमच्याकडे अजून तो मंजूर झालेला नाही. गेल्या वर्षी विषय निघाला तेव्हा एक सदस्य म्हणाले, "टोप्या घालायचं काम ग्रामपंचायतीला नवीन आहे का?" सगळे हसले आणि विषय पुढे गेला. तोवर लोकरीचा खर्च चार बागायतदार आळीपाळीनं करतात. पहिला मान त्या स्वेटरवाल्या घराचा.

आजींना आता बारीक टाके दिसत नाहीत. त्या लोकरीच्या लडीचे गुंडे करून देतात आणि झालेली टोपी बोटांनी चाचपून कुठे टाका सुटलाय ते सांगतात. विणणाऱ्या आता अकरा जणी आहेत. त्यांत पेठकडच्या दोघी आहेत, त्यातली एक त्या बाळाची आई. तिला उलट टाका अजून जमत नाही, म्हणून ती सगळ्या ओळी सुलटच विणते. टोपी जरा जाड होते. सिस्टर म्हणतात, थंडीला तशीच चांगली.

दर शनिवारी सिस्टर कपाट बघून मला मापं कळवतात. या शनिवारी मोठ्या टोप्या पुरेशा आहेत. डाळिंबाच्या मापाच्या बारा कमी आहेत.